गल्लीकडे तोंड करून बसलेला बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, पण बागेतला नव्हे हं! माझी उमेदीची वर्षं पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात गेली. सुताराने मला चांगला भक्कम पाठीचा बनवला, कारण माझ्यावर रडवेली माणसं बसणार होती. कुणाचं पाकीट मारलेलं, कुणाची पिशवी हिसकावलेली. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचो. फार वाईट वाटायचं, पण लाकूड बिचारं काय करणार?

बऱ्याचशा तक्रारी बाजारामागच्या एकाच गल्लीतल्या असत. तिथे शिंपीणमावशींचं दुकान होतं. दिवेलागणीनंतर गल्लीत कुणी पाऊल टाकेना, त्यामुळे त्यांचं गिऱ्हाईक पार आटलं. एक दिवस त्याच माझ्यावर येऊन बसल्या.

"बाई, चोर सापडेल तेव्हा सापडेल," त्या फौजदारबाईंना म्हणाल्या, "पण तोवर माझ्या दुकानाला कुलूप लागेल. शिवणाशिवाय मला दुसरं येतं काय?" आणि त्यांना रडूच कोसळलं.

फौजदारबाई विचारात पडल्या. "हवालदारकाका, आपण चोरी झाल्यावर धावतो. ती होऊच नये म्हणून काय करता येईल? चोराला नको असतं ते काय?"

"माणसांची वर्दळ," काका म्हणाले.

"मग माणसं बसवू या. उचला हा बाक!"

झालं! माझी वरात गल्लीत निघाली. वर एक झगझगीत दिवाही लागला. पण ठाण्यात मी टेबलाकडे तोंड करून असायचो ना, काकांनी सवयीने मला दुकानाच्या भिंतीकडे तोंड करून ठेवलं. संध्याकाळी म्हातारे मित्र गप्पांत रंगले, आणि एका आजोबांनी माझ्या पाठीला अडकवलेली छत्री कुणीतरी मागच्या मागे लंपास केली! पोलिसांच्या बाकावरून चोरी! सगळा बाजार खो खो हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो काका, चोराकडे पाठ करून कुणी पहारा देतं का?" असं म्हणत मावशींनी एका बाजूने मला धरलं आणि दोघांनी मिळून फिरवलं.

तेव्हापासून माझे सोन्याचे दिवस आले. आजोबा बसू लागले, झबली शिवून घ्यायला आलेल्या आया बसू लागल्या. फौजदारबाईही गाडी लांब ठेवून रोज पायी यायच्या, चार शब्द बोलायच्या. उचले गल्लीच्या तोंडाशी येत, इतके डोळे पाहत आणि काढता पाय घेत. मावशींचं मशीन पुन्हा घरघरू लागलं.

मग ठाण्यात नवे साहेब आले. "सरकारी बाक रस्त्यावर? आत्ताच्या आत्ता परत आणा!" त्यांनी फर्मावलं. फौजदारबाईंनी परोपरीने सांगून पाहिलं, पण साहेब हट्टाला पेटलेले. हातगाडीवरून नेताना मला मावशींचा उतरलेला चेहरा दिसला.

पुन्हा तोच व्हरांडा. पण गंमत अशी, की माझ्यावर बसायला कुणी येईचना! तक्रारीच नव्हत्या, तर बसणार कोण? ठाण्याची मांजर तेवढी ऐसपैस पसरली.

तेवढ्यात मावशी तरातरा आल्या. मागे आजोबांची पलटण.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"चोरी, साहेब. आमच्या गल्लीत."

"पुन्हा सुरू झालं का? काय गेलं?"

"आमचा बाक."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्यावरच्या मांजरीकडे पाहिलं. "कुणावर संशय?"

मावशी नुसत्या साहेबांकडे बघत राहिल्या. काकांना हसू आवरेना. शेवटी साहेबच गडगडून हसले. "हवालदार, मुद्देमाल ताबडतोब फिर्यादीला परत करा!"

आता मी गल्लीत कायमचा मुक्कामाला आहे. माझा एक पाय डुगडुगतो, तेवढा जमलं तर ठोकून द्या. आणि मित्रांनो, संध्याकाळी दारं लावून आत बसू नका. बाहेर या, माझ्यावर टेका, येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करा. तोंड मात्र गल्लीकडे असू द्या, आणि छत्री मांडीवर!