मध्ये थांबलेला काटा

मी एका जुन्या मोटारीच्या पोटात राहणारा वायरींचा जुडगा आहे. मित्रांनो, मला बघून तुम्ही नाक मुरडाल. खुशाल मुरडा! पण आधीच सांगतो, नाक मुरडण्यात माझा हात कुणी धरणार नाही. उभा जन्म मी तेलात, काजळीत आणि उंदरांच्या मुताच्या वासात काढला. तरी मला सगळ्यांत जास्त किळस आली ती एका इवल्याशा, कोऱ्या, स्वच्छ तुकड्याची. तीच हकिगत आज सांगतो.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांब फळीवर झाला. फळीवर खुंट्या होत्या आणि त्यांच्यामधून बायका एकेक वायर ओढून नेत. लाल इकडे, हिरवी तिकडे, तपकिरी वळसा घेऊन खाली. मग वरून टेप गुंडाळला, टोकांना प्लग लावले. तेव्हा मी काय देखणा होतो म्हणून सांगू! आज कुणाला खरं वाटणार नाही.

माझं काम निरोप्याचं. इंजिनावर जागोजागी सेन्सर बसवलेले असतात. एक सांगतो पाणी किती तापलं, दुसरा सांगतो आत येणारी हवा गार की गरम. त्यांची खबर मी आत पोचवतो. पाणी तापल्याची खबर पोचली की चालवणाऱ्यासमोरचा काटा वर चढतो आणि रेडिएटरचा पंखा फिरू लागतो. मी त्यात पदरचं काही घालत नाही. ऐकलं ते सांगितलं, बस्स.

आमची मालकीण ताई. तिच्या यजमानांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा घाट ओलांडून त्यांना डायलिसिसला न्यावं लागे. ते शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसत आणि ताई काट्यावर नजर ठेवून गाडी चालवी. सकाळी काटा तळाला, चढावर किंचित वर, पंखा सुरू झाला की पुन्हा मध्ये. हे तिला पाठ होतं. घाटमाथ्यावर पोचलो की ती स्टिअरिंगवर थाप मारून म्हणायची, "शहाणी गं माझी बाय!" शाबासकी मोटारीला मिळायची. मी आत अंधारात, माझं नाव कोण घेतंय! बॉनेट उघडायचं ते फक्त पाणी भरायला. उंदरांनी माझ्यावर संसार थाटला, बाळंतपणं केली, माझा टेप कुरतडून पिल्लांना अंथरला. शी! नुसतं आठवलं तरी अंगावर काटा येतो.

मग एक दिवस इंजिनाने मान टाकली.

ताईचा धाकटा भाऊ मेकॅनिक. कामाला वाघ, पण धीर म्हणाल तर नावाला नाही. सगळे त्याला झटपट म्हणत आणि त्याला ते कौतुकच वाटे. त्याने भंगारातून दुसरं इंजिन आणलं. "ताई, काळजी करू नकोस. बघता बघता उभी करतो तुझी गाडी," तो म्हणाला. तोवर ताई यजमानांना दोन बस बदलून नेत होती. परत येताना त्यांना उभं राहवत नसे, आणि बसमध्ये जागा मिळेलच असं नसे.

गाडी त्याच्या गॅरेजात सोडून जाताना ताईने पर्समधून नेलपेंटची लाल बाटली काढली. "यांच्या औषधांच्या झाकणांवर मी ठिपके लावते. एक ठिपका सकाळी, दोन रात्री. तसे तू प्लग काढायच्या आधी त्यांच्यावर लाव. उलटसुलट व्हायला नको."

"गॅरेजात नेलपेंट? लोक हसतील मला!" झटपट म्हणाला. त्याने बाटली खिडकीत ठेवली आणि प्लगांना कागदाच्या चिठ्ठ्या बांधल्या. इथवर ठीक होतं. पण इंजिन निघाल्यावर पठ्ठ्याला वाटलं, बहिणीची गाडी आहे, आतून चकाचक करून द्यावी. लावला पाण्याचा पाइप! काजळी गेली, उंदरांच्या लेंड्या गेल्या, त्याबद्दल त्याचे उपकार. पण चिठ्ठ्यांचाही लगदा होऊन तो गटारात गेला. झटपटने पाइप बंद केला. मग म्हणाला, "जाऊ दे, माझ्या डोक्यात आहे सगळं."

त्याच्या डोक्यात काय होतं ते मला लवकरच कळलं. जिथे वायर जोडायची तिथे त्याने ती दातांनी सोलली. होय, दातांनी! माझी वायर याच्या तोंडात, नुकत्याच प्यायलेल्या चहासकट. सोललेलं प्लास्टिक फू करून माझ्यावरच थुंकला. नवं इंजिन तर त्याहून ओंगळ. त्याच्या अंगावर काळा चिकट थर, पाण्याच्या वाटेत गंजाचा गाळ, आणि कुणाच्या तरी तोडलेल्या वायरींची थोटकं अजून लोंबत होती. त्याला मला मिठी मारायला लावली.

पाण्याच्या आणि हवेच्या सेन्सरचे माझे दोन प्लग अगदी जुळे. आकार तोच, दोन्हींचा रंग काळा. कुठला कुणाचा हे वायर धरून मागे गेलं की कळतं, पण मागे जायला वेळ लागतो. झटपटने जो आधी हाताला लागला तो पाण्याच्या सेन्सरला बसवला. तो नेमका हवेचा होता. झालं! इंजिन सुरू झालं, तापू लागलं, आणि मी आत खबर दिली ती बाहेरच्या गार हवेची. काटा तळाला पडून राहिला.

प्लगांची अदलाबदल करून बघायला कितीसा वेळ लागला असता? पण याने ठरवून टाकलं की काटाच बिघडला. डबा उपसून त्याने तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा तुकडा, काढला आणि डॅशबोर्डच्या मागे माझ्या वायरीत डकवला. काटा उठून बरोबर मध्ये उभा राहिला. "हे बघ, एकदम नॉर्मल!" तो स्वतःशीच म्हणाला. त्याने पंखा फिरायची वाटसुद्धा पाहिली नाही.

मित्रांनो, उंदरांचं मूत मी सोसलं. पण हा तुकडा मला सोसवेना. तो कोरा होता, त्याला कसलाही वास नव्हता, आणि त्याने माझ्या तोंडात खोटं बोलणं कोंबलं होतं. इंजिन गार असो की उकळत असो, मी आपला सांगणार, सगळं छान आहे. मला माझीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई यजमानांना घेऊन गॅरेजात आली. पिशवीत औषधं, पाण्याची बाटली, अंगावर घ्यायला चादर. यजमान शेजारच्या सीटवर बसले. ताईने किल्ली अर्धी फिरवली आणि तिचा हात तिथेच थांबला.

"हा काटा मध्ये कसा रे?"

"नवं इंजिन आहे ना ताई, लवकर तापतं," झटपट म्हणाला.

"अरे, मी अजून गाडी सुरूच केली नाही."

दाजींनी डोळे न उघडता म्हटलं, "वा मेहुणे! इंजिन आम्हाला नुसतं बघूनच तापलं म्हणायचं."

कुणी हसलं नाही. ताई खाली उतरली. तिचा आवाज चढला नाही. "काय केलंस ते सांग." त्याने सांगितलं. मान खाली घालून, पुटपुटत, पण सगळं सांगितलं. ताईने बॉनेट उघडून माझ्याकडे बघितलं. सोललेल्या वायरी, त्यावरचे दातांचे वळ, सगळं बघितलं. तिने तोंड असं केलं की मला वाटलं, ही माझी सख्खी!

"शी! किळस आली मला तुझी," ती म्हणाली. "यांच्या पोटात काय चाललंय ते मला दिसत नाही. गाडीच्या पोटातलं तेवढं काट्यावर दिसतं. तेही झाकलंस? भर घाटात इंजिन उकळलं असतं तर यांना मी पाठीवर घेऊन गेले असते का?"

झटपटच्या डोळ्यांत पाणी आलं. दाजींचा त्याच्यावर फार जीव होता, आणि त्याचा त्यांच्यावर. ताईने दवाखान्यात फोन करून दुपारची वेळ मागून घेतली, पदर खोचला आणि म्हणाली, "चल, दुपारच्या आत व्हायला हवं."

सगळ्यात आधी तो तुकडा उपटला गेला. हुश्श! मग कोपऱ्यात पडलेल्या जुन्या इंजिनातून पाण्याचा सेन्सर काढला. स्टोव्हवर चहाच्या भांड्यात पाणी उकळलं. ताई काट्यासमोर बसली. झटपटने सेन्सरला एक प्लग लावून तो गरम पाण्यात बुडवला.

"हलला?"

"नाही."

त्याने जुळ्यातला दुसरा प्लग लावला. मी जिवाच्या आकांताने खबर पोचवली.

"हलला! चढतोय, चढतोय रे!" ताई ओरडली आणि तेवढ्यात पंखाही घरघरला. झटपटने खिडकीतली बाटली आणली, त्या प्लगावर लाल ठिपका दिला आणि तो नव्या इंजिनाच्या पाण्याच्या सेन्सरला बसवला. मग माझी एकेक वायर बोटांत धरून तो मागे मागे गेला, कुठून आली, कुठे जाते ते बघत, आणि प्रत्येक प्लगाला ठिपके लावत गेला. दातांनी सोलून जोडलेलं सगळं उलगडलं, पक्कड घेऊन नीट जोडलं. म्हातारपणी मला कुणीतरी नटवलं, तेही नेलपेंटने! वास उग्र होता, पण उंदरांपेक्षा बराच बरा.

निघताना ताईने मागचं दार उघडलं. "तूही बस."

"मी कशाला? गॅरेज उघडं आहे..."

"तुझ्या हातची गाडी आहे ना? मग बस."

पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन झटपट मागे बसला. घाट लागला. काटा हळूहळू वर सरकला. मागून मान लांब करून तो बघत होता, श्वास रोखून. काटा आणखी सरकला. मग पंखा सुरू झाला आणि काटा खाली आला, अगदी मध्ये. या वेळचं मध्ये खरं होतं. दाजी डोळे मिटूनच म्हणाले, "मेहुणे, आता सोडा तो श्वास. नाहीतर माझ्याआधी तुम्हालाच दाखल करावं लागेल."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. वर्षातून एकदा बॉनेट उघडून माझ्याकडेही बघा, उंदीर हाकला, माझी वायर तोंडात घालू नका. आणि काटा नको ते दाखवत असेल तर इंजिनाकडे जा, काट्याचं तोंड दाबू नका. झटपटकडे आता कुणी घाई केली की तो गाडीच्या किल्ल्या अडकवायच्या खिळ्याकडे बोट दाखवतो. तिथे तो तुकडा टांगलेला आहे. ताईनेच टांगलाय. रोज सकाळी पहिली किल्ली घेताना झटपटचा हात त्याला लागतो, आणि अजूनही तो हात पँटला पुसतो.