हळद लागलेला नांगर

मी एक जुना नांगर आहे. मित्रांनो, एवढे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर काळी जमीन आणि बैलजोडी आली असेल, तर त्यात तुमची काही चूक नाही. आपल्या जालना जिल्ह्यात नांगर म्हटल्यावर दुसरे काही आठवायचे कारणच नाही. समुद्र इथून फार लांब. पण आपल्या भाषेने एकच नाव दोघांना देऊन टाकले आहे. एक नांगर जमीन उकलतो. दुसरा समुद्राच्या तळाशी उतरून जमीन धरतो आणि जहाजाला वाहून जाऊ देत नाही. मी त्या दुसऱ्या नांगराचे चित्र आहे. तळहातापेक्षा लहान, पांढऱ्या कापडावर निळ्या धाग्याने भरलेला. नौदलातला खलाशी परीक्षा देऊन एक पायरी वर चढला, लीडिंग सीमन झाला, की त्याच्या डाव्या बाहीवर मला शिवतात.

मुंबईच्या एका भरतकामाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. मशीनची सुई वरखाली होत राहिली आणि माझ्यासारखे पुष्कळ नांगर एका लांब पट्टीवर उमटले. मग आम्हाला कापून पाकिटात भरले. कोठारात आमच्याआधी आलेले नांगर होते. त्यांनी आम्हा नव्यांना एक गोष्ट सांगितली, ती मी आजवर विसरलो नाही. "बाहीवरून आपल्याला उसवायचे दोनच प्रसंग येतात," ते म्हणाले. "मालकाला बढती मिळाली तर, नाहीतर त्याच्या हातून मोठा अपराध घडला तर. ब्लेड मात्र दोन्ही वेळा तेच असते."

माझा मालक हरिओम. भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचा. मी त्याच्याकडे येण्याआधी तो सुटीत घरी येऊन अभ्यास करी, तेव्हाची हकीकत त्याची आई द्वारकाबाई येईल-जाईल त्याला सांगत असत. ती मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता मलाच पाठ झाली आहे.

हरिओम बांधावरच्या लिंबाखाली बसून मोठ्याने घोकत होता, "नांगर टाकताना पाण्याच्या खोलीच्या कितीतरी पट साखळी सोडावी."

द्वारकाबाई भाकरी घेऊन आल्या होत्या. त्या थबकल्या. "आरं, नांगराला साखळी? मंग बैलं कुठं बांधता?"

"माय, ह्यो पाण्यातला नांगर हे."

"पाण्यात कुनी नांगरतं का? चिखलच व्हईन."

किराणा दुकानवाले राधेश्यामकाका तर दुकानावर भर लोकांत म्हणायचे, "हे पोरगं नांगर धरायला लागू नये म्हणून नेव्हीत पळालं, अन् तिथं बी सरकारनं त्याच्या हाती नांगरच देल्ता!" सगळे हसायचे. हरिओमही हसायचा. पण परीक्षेची धास्ती त्याला असायचीच.

कारण ती परीक्षा सोपी नव्हती, मित्रांनो. आधी जहाजावर ठरलेला काळ काढावा लागे. मग लेखी पेपर. मग दोराच्या गाठी, होडी हाकारणे, जहाज धक्क्याला बांधणे, हे सगळे हाताने करून दाखवायचे. शेवटी तीन अधिकाऱ्यांसमोर ताठ उभे राहून तोंडी उत्तरे द्यायची. त्यातल्या एका साहेबांनी विचारले, "जहाजाला धरून कोण ठेवतं?"

हरिओम म्हणाला, "सर, तळावर आडवी पसरलेली साखळी. एकटा नांगर पुरत नाही."

उत्तर बरोबर होते. पुस्तकात तसेच लिहिले होते. तो पास झाला आणि मी त्याच्या हाती आलो.

त्याच्या बाकीच्या गणवेशांवर जहाजावरच नांगर शिवले गेले. मला मात्र त्याने राखून ठेवले आणि दसऱ्याच्या सुटीत घरी आणले. मायच्या हातचे टाके हवे होते त्याला. द्वारकाबाईंनी उजेडात बसून मला शिवले. टाके बारीक, दोरा दुहेरी.

दुसऱ्या दिवशी घरातल्या औजारांची पूजा होती. विळा, कुदळ, पेरणीची पांभर, फवारणीचा पंपसुद्धा मांडला होता. हरिओम अंघोळ करून आला आणि बघतो तर काय! त्याचा पांढराशुभ्र गणवेश पाटावर घडी करून ठेवलेला आणि माझ्यावर हळदीकुंकवाची बोटे उमटलेली.

"माय! काय केलं हे!"

"काय म्हंजी? नांगर हे न्हवं? वर्साच्या सणाला बिनपूजेचा ठिवू का त्याला?"

"आगं, तपासनी असते आमची! एक डाग चालत न्हाई!"

त्याने घाईघाईने साबण लावला, आणि जे व्हायचे तेच झाले. पिवळी हळद साबणाने लालभडक झाली. बिचाऱ्या द्वारकाबाईंचे तोंड एवढेसे झाले. "पोरा, मला काय ठावं," एवढेच त्या म्हणाल्या. मग साबण धुऊन त्यांनी मला कडक उन्हात वाळत घातले. उन्हाने हळद उडते. कुंकू गेले, लाली गेली. माझ्या खालच्या टोकाशी फिकट पिवळी छटा तेवढी राहिली. अगदी जवळ आल्याशिवाय ती दिसत नसे.

पुढे तपासणीत एका साहेबांना ती दिसलीच. "हा डाग कसला?"

"सर, आईनं नांगराची पूजा केली."

रांगेतले खलाशी ओठ दाबून हसू आवरत होते. साहेबांनी वाकून मला आणखी एकदा पाहिले आणि ते पुढे गेले. त्यानंतर हरिओमने तो गणवेशच माझ्यासकट रोजच्या कामाला काढला. मला ते आवडले. कामाचे दिवस जास्त असतात.

काही वर्षांनी हरिओमने पुढच्या पायरीची, म्हणजे पेटी ऑफिसरची परीक्षा दिली आणि तीही पहिल्या फटक्यात पास झाला. त्या बाहीवर दोन नांगर असतात, एकमेकांवर तिरपे. पण इथे, मित्रांनो, नुसते पास होऊन भागत नाही. पास झालेले पुष्कळ असतात आणि जागा थोड्या. म्हणून निवडमंडळ बसते. ते माणसाला समोर बोलावत नाही. त्याचे कागद उघडते. दरवर्षी वरिष्ठांनी काय लिहिले, वागणूक कशी, समुद्रावर किती वर्षे काढली, कप्तानाची शिफारस आहे का, हाताखालच्या माणसांना त्याने कसे सांभाळले, हे सगळे पाहिले जाते. हरिओमचे कागद चांगले होते. मंडळ बसायला थोडाच अवधी उरला होता. आता आपल्याला मानाने उसवणार, असे मी मनात धरून बसलो होतो.

त्याच सुमारास हरिओमच्या हाताखाली शाहबाज आला. जालन्याच्या मस्तगडचा. जिल्ह्यातला माणूस भेटला म्हणून दोघेही खूश. पण हरिओम आपल्या कामात आणि शाहबाज त्याच्या मागे, एवढेच त्यांचे नाते होते. शिकवायला हरिओमला सवड नव्हती.

एका पहाटे जहाजाने नांगर टाकला. साखळी खडखडत पाण्यात जात होती. तिच्या ठरावीक लांबीच्या जोडांवर रंगाच्या खुणा असतात. त्या बघून किती साखळी गेली ते ओरडून सांगायचे असते. ते काम शाहबाजचे होते. एका खुणेचा रंग झिजला होता. शाहबाज गोंधळला आणि चार जोड गेले असताना त्याने "पाच!" असा पुकारा केला. हरिओमने स्वतः न बघता तोच आकडा पुढे कळवला. साखळी कमी पडली. सकाळी वारा वाढला आणि जहाज हळूहळू खडकांच्या दिशेला सरकू लागले. इंजिने वेळेवर सुरू झाली म्हणून बरे. कुणाला इजा झाली नाही. पण चौकशी लागली.

कप्तानांच्या खोलीबाहेर शाहबाजने हरिओमला गाठले. "हरिओमभाई, मैं पाच बोल्या. चारच होते. माझंच नाव सांगा. तुमचं निवडीचं बोर्ड हे समोर. बिलकुल सांगून टाका."

"गप उभा राह्य," हरिओम म्हणाला. त्याचा उजवा हात नकळत माझ्यावर आला. आता ब्लेड येणार, आणि ते दुसऱ्या कारणाने येणार, असे मला वाटले.

आत गेल्यावर कप्तानांनी विचारले, "आकडा कुणी चुकवला?"

"सर, पुकारा शाहबाजने केला. खूण झिजलेली होती. ती झिजलीये हे मला माहीत होतं. मी त्याला दाखवली नव्हती आणि मी स्वतः बघितलंही नाही. चूक माझी आहे."

कप्तानांनी कागद पुढे ओढला. "ही चूक तुझ्या अहवालात जाईल," ते म्हणाले. "आणि तू खरं सांगितलंस, हेही जाईल."

मला कुणी उसवले नाही. पण मंडळाची यादी आली, तेव्हा तिच्यात हरिओमचे नाव नव्हते.

सुटीत घरी आल्यावर द्वारकाबाईंना काही उमजेना. "परीक्षा पास झाल्ता न्हवं तू? मंग नाव कसं न्हाई?"

"माय, परीक्षेत मला काय येतं ते बघतात. बोर्डात माझ्यासंग काम करणाराला काय येतं ते बी बघतात."

द्वारकाबाईंनी त्याच्यापुढे भाकरीचे ताट सरकवले. मग म्हणाल्या, "मंग शिकीव की त्याला. तोंड पाडून काय बसून राह्यला?"

परतल्यावर पहिल्याच दिवशी हरिओम शाहबाजला घेऊन साखळीपाशी बसला. एकेक कडी हाताने चाचपायला लावली. डोळे मिटून जोड ओळखायला लावले. झिजलेल्या खुणा दोघांनी मिळून रंगवल्या. त्या रंगाचा एक थेंब माझ्यावर पडला, तो अजून आहे. शाहबाज कंटाळून म्हणे, "भाई, तुम्ही माझ्या अब्बापेक्षा जास्त बोलता!" हरिओम म्हणे, "बराबर. आता परत सांग, हा कितवा?" हे वर्षभर चालले. शाहबाज लीडिंगची परीक्षा पास झाला. आणि पुढच्या मंडळाच्या यादीत हरिओमचे नाव आले.

त्या दिवाळीत दोघे मिळून पिंपळगावला आले. हरिओमने दोन नांगरांचे नवे चिन्ह आईपुढे ठेवले. द्वारकाबाईंनी ते उलटसुलट पाहिले. "दोन नांगर! मंग आता बैलं चार लागतीन." सगळे हसले. पण हरिओमने ब्लेड पुढे केले आणि जुना नांगर काढ म्हणाला, तेव्हा त्यांनी हात मागे घेतला.

"पूजलेला नांगर हे. मी न्हाई काढायची."

माझ्या धाग्यांत आता फारसा जोर राहिला नव्हता. कोठारातले नांगर ब्लेडबद्दल बोलले होते, पण त्यानंतर आपले काय होते, हे त्यांनी सांगितले नव्हते. बहुतेक त्यांनाही ते माहीत नसावे.

मग शाहबाज पुढे सरकला. "मावशी, माझ्या कामाच्या गणवेशावर अजून नांगर न्हाई. हाच द्या."

"आरं, ह्याला डाग पडलाय हळदीचा."

"म्हणून तर मागून राह्यलो."

द्वारकाबाईंनी ब्लेड बाजूला सारले. सुईच्या टोकाने, स्वतःच घातलेला एकेक टाका त्यांनी उचलून सोडवला. मला जरासुद्धा ओढ बसली नाही. मग दोरा दुहेरी करून त्यांनी मला शाहबाजच्या बाहीवर शिवले.

मित्रांनो, आज मी तिथेच आहे. माझा निळा रंग विटला आहे आणि कडांचे धागे सुटू लागले आहेत. मी काही मोठे काम केलेले नाही. जहाजाला साखळी धरून ठेवते, मी नुसते चित्र आहे. तुम्हीही कधीतरी परीक्षा द्याल, पास व्हाल, तुमच्या बाहीवर काहीतरी शिवले जाईल. तेव्हा मागे उभ्या असलेल्याला झिजलेली खूण दाखवायला विसरू नका, एवढेच माझे मागणे आहे. काल जहाजावर एक नवा पोरगा आला. साखळीपाशी तो भांबावून उभा होता. शाहबाज त्याच्याजवळ जाऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, "हात लाव, घाबरू नको. आता सांग, हा कितवा?"