आतले नंबर

मी तीस वर्षं पोलादाच्या प्लांटच्या गेटवर पास तपासले. त्यामुळे आत काय आणि बाहेर काय, हे मला कुणी शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या एका रविवारी दुपारी माझी मुलगी कमलिनी जेवता जेवता थांबली. टाउनशिपला लागून असलेल्या सुपेल्यातल्या एका खाजगी कंपनीत ती कॉम्प्युटर सांभाळायची. नोकरी अजून कच्ची होती. कंपनीचा कारखाना काही मैलांवरच्या कुम्हारी गावात. तिथले आणि इथले कॉम्प्युटर तिने टेलिफोन खात्याच्या भाड्याच्या लाइनने जोडले होते. कंपनीने दिल्लीहून बोलावलेल्या तपासनिसाने नेमकं त्यावर बोट ठेवलं. इंटरनेटवर प्रत्येक कॉम्प्युटरला पत्त्यासारखा नंबर असतो, आणि त्यातले काही नंबर राखीव असतात. कुणीही ते आपल्या आत वापरावेत, बाहेर पाठवू नयेत. आमच्या टाउनशिपमध्ये प्रत्येक सेक्टरात वेगळी पाच नंबरची सडक आहे, पण सेक्टराबाहेर नुसतं 'पाच नंबर' म्हणून पत्ता लागत नाही, तसंच ते.

"थो म्हणते, लाइन भिंतीबाहेर गेली म्हंजे नंबर बाहेर गेले," कमलिनी म्हणाली. "बाहेर कशाले म्हणाचं, हेच नियमात धड लिहिलं नाही. उद्या पटवून नाही देलं तर नोकरी गेली, बाबा."

"आमचा ट्रक सडकेवरून आमच्याच दुसऱ्या गोदामात जाये, तवा मी त्याले बाहेरचा पास देत नव्हतो," मी म्हणालो. "सील लावून आतल्याच चिठ्ठीवर सोडत होतो. दोन्ही टोकं आपली."

"मी बी तेच म्हणून राहिली."

"मंग इंटरनेटकडच्या गेटवर कोण उभं हाय?"

तिकडे नंबर निसटले असते तर अडवणारं तिने काहीच बसवलं नव्हतं. चूक तिचीच होती, पण तिने सबबी सांगितल्या नाहीत. हात धुऊन तशीच सुपेल्याला गेली आणि नंबर अडवणारा पहारा बसवूनच रात्री परतली. मला पोरीचा फार अभिमान वाटला.

सोमवारी तपासनिसाने तासभर आतले नंबर इंटरनेटकडे ढकलून पाहिले. एकही बाहेर पडला नाही. कुम्हारीला मात्र सगळे पोचत होते. मग तो म्हणाला, तुमचा नियम लिहून द्या. तिने लिहिलं: ज्या लाइनची दोन्ही टोकं आमच्या ताब्यात, ती आत. त्याने सही केली. कमलिनीची नोकरी पक्की झाली आणि तो कागद ऑफिसच्या दाराशी लागला.

मी मुद्दाम तो पाहायला गेलो. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या नियमांवर शिक्के मारले होते. या नियमाखाली टाइप केलं होतं, कमलिनी बाबाराव खोब्रागडे.

"बाबूजी, पास?" दारावरच्या शिपायाने विचारलं.

मी कागदावर बोट ठेवलं. "यातला बाबाराव, थो मी."