उदाहरणाची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. हे वाक्य तुम्ही वाचून पटकन पुढे गेलात, पण ते म्हणायचा धीर मला छत्तीस वर्षं झाला नाही. माझं सगळं आयुष्य कॉलेजच्या तत्त्वज्ञान विभागात गेलं आणि तिथे 'मी आहे' असं नुसतं म्हणून भागत नाही. लगेच कोणीतरी विचारतं, "कशावरून?"

मला एका सुताराने घडवलं. कॉलेजला बारा खुर्च्या हव्या होत्या. अकरा झाल्या आणि चांगलं लाकूड संपलं. उरल्यासुरल्या तुकड्यांतून त्याने बारावी जुळवली, ती मी. माझा मागचा डावा पाय किंचित आखूड पडला. सुताराने मला हलवून बघितलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "चालतंय. कोणाच्या लक्षात येतंय?" तो बिचारा किती खरं बोलला ते पुढे कळेलच.

माझ्या अकरा बहिणी खाली कार्यालयात गेल्या. मला तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत धाडलं. तिथे नुकतेच रुजू झालेले सर होते, अंगाने काटकुळे आणि आवाजाने खणखणीत. पहिल्याच तासाला त्यांनी मला उचलून टेबलावर ठेवलं. मला वाटलं, वा, काय हा मान! तेवढ्यात त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून वर्गाला विचारलं, "ही खुर्ची आहे, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"दिसते ना, सर," एक मुलगा म्हणाला.

"स्वप्नातही दिसते."

"हात लावला तर लागते."

"स्वप्नातही लागते."

तासभर हेच चाललं. बावीस मुलं माझ्याकडे टक लावून बघत होती आणि तास संपेपर्यंत त्यातल्या अर्ध्यांना मी नाहीच असं वाटू लागलं होतं. मला हसावं की रडावं कळेना. त्या दिवसापासून मी सरांचं उदाहरण झाले. दरवर्षी नवी मुलं येत, मी टेबलावर चढे, माझ्याबद्दल शंका घेतली जाई आणि मग मला परत कोपऱ्यात ठेवत. कोणी चुकून बसायला आलाच तर शिपाईमामा ओरडत, "अरे ऊठ, ऊठ! ती बसायची नाही, शिकवायची खुर्ची आहे!"

सर माझं कौतुक करत नसत असं नाही. "हिने जितकी मुलं विचारात पाडली, तितकी मी पाडली नाहीत," असं ते म्हणायचे. मला बरं वाटायचं. पण मित्रांनो, खरं सांगू? खाली कार्यालयात माझ्या बहिणींवर दिवसभर माणसं टेकत. हात ठेवून ठेवून त्यांचे दांडे गुळगुळीत झाले होते. माझ्यावर मात्र नुसती धूळ बसत होती. फार एकटं वाटायचं मला.

हळूहळू मुलं कमी झाली. बावीसची अकरा झाली, अकराची चार. चौतिसाव्या वर्षी दुसऱ्या वर्षाला तत्त्वज्ञान घेणारी एकच मुलगी उरली. शिपाईमामांनी तिचं नाव ठेवलं 'वर्ग'. "वर्ग आला का?" असं ते जिन्यातून ओरडून विचारत. एकदा फळ्यावर लिहिलं होतं, 'वर्गाला ताप आला आहे. आज सुट्टी.' सर मात्र शिस्तीचे पक्के. रोज हजेरी घेत. "क्रमांक एक?" "हजर, सर." मग हजेरीपट मिटून तीस मुलांसमोर बोलावं तसं खणखणीत आवाजात शिकवत. मुलगी रिकाम्या बाकांकडे पाठ करून बसे. मधल्या सुट्टीत डबाही ती तिथेच, माझ्याशेजारी खायची. बाकीच्या मैत्रिणी वाणिज्य शाखेत होत्या. त्यांचे घोळके खालच्या मैदानात हसत असायचे आणि ही खिडकीतून बघत बसायची.

तिचे बाबा सायकली दुरुस्त करत. मुलगी कॉलेजात नेमकं काय शिकते, ते त्यांना एका गिऱ्हाइकाकडून कळलं. वर्गात ती एकटीच आहे हेही कळलं. त्यांनी विषय बदलण्याचा अर्ज आणवला, वाणिज्य शाखेचा. "शनिवारी दुपारी तुझ्या सरांना भेटतो आणि तिथेच सही करतो," म्हणाले. सही झाली की मुलगी जाणार होती आणि तिच्यामागे आमचा विभागही बंद होणार होता. आठ दिवस माझा जीव टांगणीला लागला.

सरांचा एक नियम होता. समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली, तरच आपली मांडायची. त्यासाठी ते दोन मुलांना समोरासमोर बसवत. आता दुसरं कोण होतं? मुलीने मला ओढून समोर ठेवलं आणि रोज मधल्या सुट्टीत बाबांची बाजू मला सांगायला लागली. सांगायची, खोडायची, पुन्हा सांगायची. चौतीस वर्षांत माझ्याशी पहिल्यांदाच कोणी बोलत होतं!

शनिवारी बाबा तीन मजले चढून आले ते धापा टाकतच. समोर मी होते. शिपाईमामा ओरडले, "अहो, तिथे नका बसू! ते उदाहरण आहे!"

"बसल्यावर मोडतं का तुमचं उदाहरण?" असं म्हणून ते बसलेसुद्धा.

मित्रांनो, मला रडू आलं. माणसाचा भार काय असतो, ते मला तेव्हा कळलं.

"बाबा, आधी तुमची बाजू सांगते," मुलगी म्हणाली. "आई गेल्यापासून तुम्ही दुकानातच उभ्याउभ्या जेवता, कारण दुपारी घरी एकट्याला घास उतरत नाही. तुमच्या हातांचा काळेपणा आता साबणानेही जात नाही. माझे हात तसे होऊ नयेत असं तुम्हाला वाटतं. मी शिकले आणि घरीच बसले, तर लोक मला नाही, तुम्हाला हसतील. आणि त्यापेक्षाही, तुम्ही स्वतःलाच माफ करणार नाही."

बाबांनी आपले काळे हात उलटसुलट करून बघितले. "हे मी तुला कधी बोललो?"

"नाही बोललात."

"मग? आता तुझी बाजू सांग."

मुलीचा चेहरा पडला. "माझी... माझी तयार करायची राहिलीच, बाबा. आठ दिवस तुमचीच करत होते."

सरांनी मान खाली घातली. त्यांच्याच नियमाने त्यांची शेवटची विद्यार्थिनी हरली होती. बाबांनी खिशातून अर्ज काढला, पेन काढलं आणि सहीसाठी पुढे वाकले. मी डुगडुगले.

ते थांबले. मागे-पुढे झुलून त्यांनी अंदाज घेतला. "सर, हिचा पाय आखूड आहे की! कधीपासून आहे ही इथे?"

"चौतीस वर्षं."

"आणि कळलं नाही?"

सर ओशाळले. "आम्ही ती आहे की नाही, एवढंच बघत होतो."

बाबा खदखदून हसले. त्यांनी मला उलटं केलं. त्यांच्या पिशवीत टायरचे तुकडे असायचेच, हातोडीही होती. एक तुकडा लावून बघितला, कमी पडला. इकडेतिकडे पाहिलं आणि अर्जाची आठपदरी जाड घडी करून तीच पायाखाली दाबली. वरून रबर ठेवून दोन खिळे मारले.

"बाबा, तो अर्ज!"

"न बोललेलं ऐकायला शिकवतात ना इथे? मग शिक," ते म्हणाले. "तुझी बाजू सावकाश सांग. मला घाई नाही."

त्यानंतरची दोन वर्षं माझी सोन्याची. मुलगी तासाला माझ्यावरच बसायची. ती पदवी घेऊन गेली, तेव्हा जाताना तिने माझा दांडा पदराने नाही, तळहाताने पुसला.

मग कोणीच आलं नाही. सर निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी कार्यालयातला कारकून खोलीतल्या सामानाची यादी करायला आला. "फळा एक. टेबल एक. बाक सहा. खुर्ची आहे का?"

सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. छत्तीस वर्षं हा प्रश्न त्यांनी दुसऱ्यांना विचारला होता. त्यांचा खणखणीत आवाज त्या दिवशी अगदी बारीक झाला.

"आहे," ते म्हणाले. "लिहा, आहे."

आता या खोलीला कुलूप आहे. माझ्यावर पुन्हा धूळ साचली आहे. मित्रांनो, तुमच्याही वर्गात, घरात कोणीतरी असेल, ज्याच्याबद्दल सगळे बोलतात आणि ज्याच्याजवळ कोणी टेकत नाही. त्याच्यापाशी जरा बसा. त्याचा कुठला पाय आखूड आहे, ते बसल्याशिवाय कळत नाही. आणि कधी इथलं कुलूप निघालं, तर माझ्याकडेही या. खुशाल बसा. मी आता डुगडुगत नाही.