राहून गेलेली फाईल

बोटाच्या टोकाला चिकटलेला चष्म्याचा स्क्रू, तिळाहून लहान, आणि तो बसवायचा सोडून तिची नजर लॅपटॉपवरच्या हिरव्या पट्टीवर — अठ्ठ्याण्णव... नव्व्याण्णव... झालं. खेळातलं नऊ वर्षांचं जग, त्यातले डोंगर, खाणी, बाबांचे रस्ते, सगळं जुन्या सर्व्हरवरून उतरून नव्यावर चढलं होतं. मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या चाकाशेजारी, कोणी पाहत नाही असं बघून तिने एक गिरकीसुद्धा घेतली. तो सर्व्हर चालवणारी जुनी कंपनी पाच वाजता गाशा गुंडाळणार होती, आणि आत्ता कुठे चार वाजले होते.

शिवाय काल दादाचा निरोप आला होता — दोन वर्षांत त्या जगात पाऊल न टाकलेल्या दादाचा. 'नवा पत्ता पाठव. संध्याकाळी येऊन बघतो.' सहाच शब्द, पण सकाळपासून ती ते पुन्हापुन्हा उघडून वाचत होती.

ठोकळ्यावर ठोकळा रचत जायचं, एवढाच तर तो खेळ. दादा नोकरीसाठी परगावी गेला तेव्हा रोज भेटायला एक जागा हवी म्हणून दोघांनी सुरू केलेला. मग रस्तेखात्यातून निवृत्त झालेले बाबा 'बघू तरी पोरं काय करतात' म्हणत आत आले, ते कायमचे.

त्यांचाच फोन आला.

"अगं, आलो मी नव्या घरी. पण माझं सामान कुठंय? कुदळ नाही, काही नाही. आणि उभं कुठे केलंस मला? ही तर आपली पहिली झोपडी."

तिने कपाळावर हात मारला. जमीन आणली आणि माणसं विसरली! कोण कुठे उभा होता, कुणाच्या हातात काय होतं, हे वेगळ्या कप्प्यात असतं आणि तो कप्पा जुन्या सर्व्हरवरच राहिला होता.

"बाबा, जरा बाहेर पडा. तुम्हाला आणायचं राहिलंय."

"म्हणजे मी आलोच नाही म्हणतेस?"

"अर्धे आलात."

"बरं. उरलेला नीट आण."

हसत हसत तिने बाबांची फाईल आणली, मग स्वतःची. तिसरीवर हात थांबला. फाईलवर दोन वर्षांपूर्वीची तारीख. तिच्यात दादा अजून झोपलेला होता, समुद्रापार, एकट्याने बांधलेल्या एका खोलीत... त्याचा तो वेडावाकडा पूल, महिनाभर खपून बांधलेला, तिने आणि बाबांनी त्याच्या मागे पाडला होता आणि सरळसोट नवा बांधला होता, खूश होईल म्हणून. दादाने नवा पूल पाहिला. नावेत बसला, पूर्वेला गेला. तेव्हापासून फोनवर फक्त 'जेवलीस का', 'बरी आहेस ना'.

ही फाईल नाहीच आणली तर? मग तो उतरेल थेट झोपडीपाशी, मघाशी बाबा उतरले तसा, रिकाम्या हातांनी, पहिल्या दिवसासारखा. ती खोली नाही, तो रुसवा नाही. वाटेल, हलवताना हरवलं असेल. पाचनंतर कुणाला शोधूनही सापडणार नाही... मी काही वाईट करत नाही, त्याच्या भल्यासाठीच तर —

भल्यासाठीच. पूल पाडतानाही मी हेच म्हणाले होते, याच सुरात. तिचे कान गरम झाले. काय बाई आहे मी, दोन वर्षांत काडीचं शिकले नाही!

तिने फाईल पाठवली. एवढीशी, डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली.

आता तो जागा होईल तो तिथेच, त्याच खोलीत. कदाचित समुद्राकडे बघून पुन्हा निघून जाईल. कदाचित इकडे येईल आणि आधी कचकचून भांडेल — भांडू दे, 'जेवलीस का' ऐकून कान किटलेत माझे. छातीत सकाळपेक्षाही जोरात धडधडत होतं आणि ते तिला आवडत होतं. माफी कशी मागायची ते तिला अजून सुचलं नव्हतं; पण मागायची आहे, हे आज पहिल्यांदाच तिला कळलं होतं.