मोबाईलची दृष्ट

शिरगावातल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाटावर मोबाईल मांडले होते आणि भगवंत महाराज मीठ-मोहरी ओवाळून त्यांची दृष्ट काढत होते! नवऱ्याची दृष्ट कधी न काढणाऱ्या बायकाही फोन घेऊन रांगेत उभ्या होत्या.

"ब्लूटूथ म्हणजे उघडी खिडकी, माऊली! तिथून अतृप्त लहरी शिरतात आणि बॅटरी चाटूनपुसून खातात. चल, नीघ लहरी!" असं ओरडून महाराजांनी फोन लाल फडक्यात गुंडाळले.

त्याआधी त्यांनी सगळ्यांना टॉर्च लावून, उजेड पूर्ण वाढवून आपल्या प्रवचनाचा व्हिडिओ बघायला लावला होता. बॅटरी डोळ्यांदेखत उतरली होती. आता आरती झाली, फडकं सोडलं, तर एक टक्काही कमी नाही! शेजारच्या कुंदाकाकूंनी गालांवर चापट्या मारून घेतल्या.

मी अंबरनाथच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझं डोकंच फिरलं. माझा फोन, दृष्ट न काढता, ओढणीत गुंडाळून मी पाटावर ठेवला. "म्हणा परत आरती."

आरती झाली. माझीही बॅटरी जशीच्या तशी.

"अहो, आधी टॉर्च, व्हिडिओ, लख्ख स्क्रीन. मग फडक्यात सगळं बंद. झोपलेला माणूस जेवतो का?"

"अनुयाताई, अविश्वासानं लहरी खवळतात!"

"खवळू देत. चार्जर आहे माझ्याकडे."

हशा पिकला. महाराजांना एकाएकी उल्हासनगरचा कार्यक्रम आठवला. मला मात्र चेव चढला होता. "बॅटरी वाचवायचीय ना? ब्लूटूथ बंद करा, फुकटात काम होतं!" टाळ्या पडल्या. मी तरंगतच घरी आले.

अण्णा खुर्चीत घामानं निथळत बसले होते. माझे वडील, आणि मलाच "कोण?" म्हणाले. ते इन्सुलिनवर आहेत. दंडावरचा सेन्सर ब्लूटूथवरून फोनला रक्तातली साखर कळवतो आणि ती उतरली की फोन बोंबलतो. तो फोन त्यांच्या मांडीवर गप्प पडला होता.

मी साखरेचं पाणी पाजलं. हळूहळू त्यांची नजर जाग्यावर आली. मग मी फोन पाहिला. ब्लूटूथ बंद.

"अण्णा, तुम्हीसुद्धा? त्या भामट्याचं ऐकलंत?"

"त्याचं कशाला ऐकू?" अण्णा क्षीण हसले. "सकाळी म्हटलं, बॅटरी टिकत नाही. डबा भरताना तूच म्हणालीस, ब्लूटूथ बंद ठेवा. तू विज्ञानाची शिक्षिका. तुझ्यावर शंका कशी घेणार, बाळा?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. डब्याच्या घाईत मला त्यांचा सेन्सर आठवलाही नव्हता. मी ते कुठे वाचलं होतं? कधी तपासलं होतं? कुठेच नाही, कधीच नाही. सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणत होते. माझ्या वाक्याला मीठ-मोहरी नव्हती, एवढाच काय तो फरक.

रविवारी एकाच मॉडेलचे दोन फोन, माझा आणि शाळेनं दिलेला, पूर्ण चार्ज करून शेजारी ठेवले. एकाचं ब्लूटूथ चालू, दुसऱ्याचं बंद. संध्याकाळी फरक जेमतेम एका टक्क्याचा. अण्णांची बॅटरी खात होती ती त्यांची स्क्रीन. नीट दिसत नाही म्हणून त्यांनी तिचा उजेड कायम पूर्ण ठेवला होता.

त्याच हॉलमध्ये पुन्हा सगळ्यांना बोलावलं आणि हे सांगितलं. कुंदाकाकू म्हणाल्या, "म्हणजे तुझंही थोतांडच की गं!"

"हो, काकू." मान वर करवेना. "महाराजांना विचारायला हवं ते मलाही विचारा. 'बाई, करून पाहिलंय का?' एवढंच. बाईंनी सांगितलं म्हणून मानू नका. माझ्या अण्णांनी मानलं होतं."