‘आणखी वाचा’च्या मागे

मोबाइलच्या पडद्यावर कुठल्याही लांब पोस्टच्या पहिल्या तीन ओळीच दिसतात. तिसरी ओळ संपते तिथे तीन टिंबं येतात आणि त्यांच्यापुढे फिक्या राखाडी अक्षरांत ‘आणखी वाचा’. या पोस्टची तिसरी ओळ ‘एकत्र करू’ या शब्दांवर संपत होती. मराठीत ‘करू’च्या पुढे ‘नका’ येऊ शकतं, तसंच ‘शकता’ही येऊ शकतं. कोणतं येणार हे कळायला बोट टेकवावं लागत होतं.

‘बाथरूमच्या फरशीवरचे पिवळे डाग काही केल्या जात नाहीत? घरात असलेलं ब्लीच आणि फरशी धुण्याचं ॲसिड एकत्र करू…’

तिने फोन टेबलावर पालथा ठेवला आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलला.

सकाळी एका मुलीचा आवाजी निरोप आला होता. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. “मॅडम, माझी आई एका वसतिगृहात साफसफाई करते. तुमचं पान मीच तिला दाखवलं. म्हटलं, डागबाई सांगतात ते डोळे झाकून कर. ती बाथरूममध्ये गेली, दार लावून घेतलं आणि दोन्ही ओतलं, त्याचा विषारी वायू छातीत गेला. आता दवाखान्यात आहे, नाकाला नळी आहे. डॉक्टर म्हणतात, थोडक्यात वाचली. मॅडम, तुम्ही असं का लिहिलंत?”

तिने लगेच उलट फोन केला होता. आईचा श्वास आता बरा होता, पण बोलता येत नव्हतं.

‘डागबाई’ हे नाव वाचकांनीच ठेवलेलं. रंगांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतली नोकरी सुटल्यावर तिने डागांवर ब्लॉग लिहायला घेतला होता. शाई, गंज, तेल, रक्त, बुरशी. स्वयंपाकघरातल्या सिंकशेजारी चिंध्या वाळत पडलेल्या असायच्या, प्रत्येकीवर वेगळा डाग. स्वतः करून पाहिल्याशिवाय ती एक ओळ लिहीत नसे. वाचक मोजकेच होते, पण ते प्रश्न विचारायचे, उत्तर वाचायचे आणि काय झालं ते कळवायचे.

मग दीर मध्ये पडला. त्याचं दुकान नुकतंच बंद झालं होतं आणि तो दिवसभर वरच्या मजल्यावरून खाली, खालून वर करत असे. “वहिनी, तुमचा ब्लॉग म्हणजे बंद खोलीतला पंखा. फिरतोय जोरात, वारा कोणालाच नाही!” असं म्हणून त्याने समाजमाध्यमांवर पान उघडलं. तिच्या लेखांतले तुकडे तिथे टाकायचे आणि माणसं ब्लॉगकडे वळवायची, एवढंच काम. वाचक हां हां म्हणता वाढले. दिराच्या चेहऱ्यावरची मरगळही गेली. घरात सगळ्यांनाच बरं वाटलं, तिलाही.

पहिल्यांदा खटकलं ते रेशमाच्या पोस्टमुळे. ‘रेशमावर लिंबू चोळू’ इथे वाक्य तुटलं आणि कोणाच्या तरी लग्नाच्या पोशाखाचा रंग उडाला. तेव्हा तिने दिराला सांगितलं, मनाई नेहमी वाक्याच्या सुरुवातीला घ्यायची, मी तसंच लिहून देईन. तो म्हणाला, “हो हो वहिनी, डोक्यात ठेवलं.” त्यानंतर पान बंद करावं असं तिच्या मनात अनेकदा आलं. पण नवरा म्हणायचा, आत्ताच कुठे तो रुळावर येतोय, जरा सांभाळून घे. आणि ती सांभाळून घेत राहिली.

आता पोस्ट काढायची तर पासवर्ड दिराकडे होता. तिने त्याला हाक मारली. तो लॅपटॉप काखेत मारूनच उतरला.

“वहिनी, आज तोंड गोड करायला हवं! त्या फरशीवाल्या पोस्टने कमाल केलीय. आख्ख्या महिन्याचं ट्रॅफिक दोन दिवसांत आलंय.”

“ती पोस्ट आधी काढा.”

“काढा? अहो, आत्ता तर चढतेय ती!”

तिने फोन त्याच्यासमोर धरला आणि मुलीचा निरोप लावला. खुर्चीत बसलेल्या नवऱ्याने वर्तमानपत्र खाली घेतलं.

“अरे बापरे,” दीर म्हणाला. “बिचारी. पण वहिनी, तुमची शपथ, मी खोटं काहीच लिहिलेलं नाही. बोट ठेवलं की पूर्ण वाक्य येतं. शब्द न् शब्द तुमचाच आहे.”

“शब्द माझेच आहेत, कात्री तुमची आहे. मी काय लिहून दिलं होतं? ‘कधीही एकत्र करू नका’ इथून सुरुवात होती. ते ‘कधीही’ कुठे गेलं?”

तो लॅपटॉपकडे पाहू लागला.

“भाऊजी, मी विचारतेय.”

“सुरुवातीलाच नका म्हटलं की लोक तिथूनच परत जातात,” तो शेवटी म्हणाला. “वाक्य अर्धवट राहिलं की जीव अडकतो. मी करून पाहिलंय. तुम्ही नाही का चिंध्यांवर करून पाहत, तसंच. हे बघा.” त्याने आलेख उघडून तिच्याकडे वळवला. “ही तुमच्या पद्धतीची पोस्ट, आडवी पडलीय. ही माझ्या पद्धतीची.”

म्हणजे वाक्य आपोआप तुटलं नव्हतं. मोजून, मापून, ‘नका’च्या बरोबर आधी तोडलं होतं. तिचे कान तापले. सकाळपासून ती ज्याला अपघात समजत होती, तो प्रयोग होता, आणि चिंधीच्या जागी एक जिवंत बाई होती.

“हा आलेख कोणाचा आहे?” तिने विचारलं.

“कोणाचा म्हणजे? आपल्याकडे आलेल्यांचा.”

“आणि जे आले नाहीत त्यांचा? ज्यांनी तीन ओळी वाचल्या, आपल्याला उपाय कळला असं समजले आणि बाटल्या घेऊन उठले? ते कुठल्या रेघेत आहेत? ती बाई तुमच्या आलेखात कुठे आहे, बोट ठेवून दाखवा.”

“असा हिशेब केला तर जगात कोणी पोस्टच टाकणार नाही, वहिनी. सगळे असंच करतात. ट्रॅफिक हवं तर थोडं…”

“रस्त्यावर असतं ते ट्रॅफिक. माझ्याकडे येतात ती माणसं. आणि ट्रॅफिकच म्हणायचं असेल तर लाल दिवा झाकून गाड्या वाढवल्यात तुम्ही!”

ती कधी एवढ्या मोठ्याने बोलत नसे. नवरा खुर्चीतून उठला.

“अगं, हळू. त्याने काय मुद्दाम कोणाला विष पाजलंय का? चूक झाली. यापुढे नाही करणार. लहान आहे तो.”

“चाळिशी उलटली त्यांची.”

“दादा, राहू दे,” दीर म्हणाला. त्याचाही आवाज आता कडक झाला होता. “वहिनी, स्पष्टच बोलतो. मी आलो तेव्हा ब्लॉगला कुत्रं विचारत नव्हतं. ही हजारो माणसं मी आणली. ती बाई तरी कुठून आली? माझ्यामुळेच ना तिला डागबाई माहीत झाली?”

“हो,” ती म्हणाली. “तुमच्यामुळेच.”

दिराला आपण काय बोलून गेलो ते जरा उशिरा कळलं. त्याने मान खाली घातली.

तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. ती फरशीची पोस्ट काढली. मग खाली सरकत गेली. अमोनिया ‘मिसळू’, गंजावर ‘घासू’, गरम तेलावर पाणी ‘ओतू’. प्रत्येक वाक्य तिचं होतं आणि प्रत्येकाचा शेवटचा पाय तोडलेला. खाली लोकांनी अंगठे दिले होते, आभार मानले होते. ‘डागबाईंनी सांगितलंय म्हणजे बिनधास्त करा’, असं कोणीतरी आपल्या बहिणीला लिहिलं होतं.

“एकेक नीट करू या,” नवरा तिच्या खांद्यामागून म्हणाला. “दोघं मिळून बसा. माणसं तरी का घालवायची? इतक्या वर्षांनी कोणीतरी वाचतंय तुला.”

हे खरं होतं, आणि इतके महिने तिचं तोंड याच गोष्टीने बंद ठेवलं होतं. दिराची दया होतीच. पण सकाळी उठल्यावर तो वाढलेला आकडा पाहायला तिलाही आवडू लागलं होतं. पान गेलं की पुन्हा तेच मोजके वाचक उरतील, आणि जेवणाच्या टेबलावर कितीतरी दिवस कोणी कोणाशी धड बोलणार नाही.

“उद्या शांत डोक्याने ठरवू,” नवरा म्हणाला.

“नाही,” ती म्हणाली. तिने लॅपटॉप दिराकडे सरकवला आणि त्याच्या डोळ्यांत पाहिलं. “भाऊजी, जे झालं ते आधी पानावर पूर्ण लिहा, माझ्यासमोर. मग पान बंद करा. आणि यापुढे माझं लिहिलेलं एक अक्षरही तुम्ही हाताळायचं नाही.”